पोरगा केजमध्ये उतरतो म्हणतोय

नमस्कार ताई,

आम्ही भांडुपला राहतो. माझा मुलगा 23 वर्षांचा आहे. बी.कॉम. झालाय, मुलुंडला एका सीएच्या ऑफिसात नोकरी करतो. लहानपणी सुट्टीत माझ्या माहेरी, कराडजवळ गेला की मामाबरोबर तालमीत जायचा. तिथेच कुस्तीची गोडी लागली. चार वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका जिममध्ये एमएमए सुरू केलं. ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्यात, आणि लढत केजमध्ये म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात होते. हौशी गटात पाच लढती झाल्या, चार जिंकला. त्या सगळ्या 65.8 किलोच्या गटात होत्या. आता पहिल्या व्यावसायिक लढतीचं बोलावणं आलंय, दिल्लीला, सात आठवड्यांनी. पण जागा 61.2 किलोच्या गटातच रिकामी आहे म्हणे, आणि ह्याचं आजचं वजन 70. नोकरी सोडतो म्हणतो. त्याचे वडील बेस्टमधून रिटायर झाले. महिनाभर ते त्याच्याशी बोलत नाहीत, 'मग शिकवला कशाला' एवढंच म्हणतात. मागच्या महिन्यात स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, त्याच्या डोक्याला लागलं. दोन दिवस खिडक्या लावून पडून होता आणि मला म्हणाला, ॲसिडिटी झालीय. खरं काय ते त्याच्या मित्राकडून कळलं. त्याला अडवू की जाऊ देऊ? अडवला तर जन्मभर बोल लावेल. जाऊ दिला नि काही बरंवाईट झालं तर?

— एक आई

ताई,

दिल्ली, नोकरी, वडिलांचा अबोला, सगळं वाचलं. पण माझं मन अडकलं ते 'ॲसिडिटी'त. तुमचा मुलगा खोटारडा नाही. लढणारी मुलं असंच करतात. मार सांगितला तर सराव बंद होईल, हातची लढत जाईल, ही भीती त्यांना मारापेक्षा मोठी वाटते. तुमच्यापासून लपवलं तसं त्याने कोचपासूनही लपवलं असण्याची शक्यता आहे. म्हणून 'अडवू की जाऊ देऊ' हा तुमचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. आधी हे पाहू या की त्याला थांबवायची वेळ आली तर थांबवणार कोण. तो स्वतः थांबणार नाही, हे त्याने तुम्हाला दाखवून दिलंय.

माझं मत आधीच सांगते. हा खेळ त्याने सोडावा असं मला वाटत नाही. पण दिल्लीची ही लढत, 61.2 किलोला, सात आठवड्यांत, त्याने घेऊ नये. त्यात मला काडीचीही शंका नाही.

खेळाबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या घरी 'मारामारी' हाच शब्द चालत असणार. 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मोठ्या संस्थेची, पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनगटही नव्हते आणि नियमही जेमतेम होते. लोकांच्या डोक्यात अजून तेच चित्र आहे. पण 2000 मध्ये न्यू जर्सीत नियम बांधले गेले आणि आज जगभर बहुतेक ठिकाणी तेच चालतात. पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड, किताबाची लढत असेल तर पाच. डोक्याच्या मागच्या बाजूला मारायचं नाही, डोळ्यात बोट घालायचं नाही, ढुशी द्यायची नाही. हाताने दोनदा थोपटून टॅप केलं की लढत संपली. रेफ्री थांबवू शकतो, डॉक्टर थांबवू शकतो, कोपऱ्यातला कोच थांबवू शकतो. कुस्तीत वाढलेल्या मुलाला इथे खरंच फायदा असतो. समोरच्याला पट काढून खाली घ्यायचं की उभ्याने लढायचं, हे ठरवणं त्याच्या हातात राहतं. पण त्याच्या मामाच्या मातीत डोक्यावर ठोसे पडत नव्हते, हा फरकही लहान नाही.

मुंबईला हा खेळ नवा नाही. सुपर फाइट लीग 2012 मध्ये इथेच सुरू झाली, 2019 मध्ये मॅट्रिक्स फाइट नाइटची पहिली स्पर्धाही इथेच झाली. 2017 मध्ये शांघायला भारतातला पहिला लढवय्या यूएफसीत उतरला, तो आपल्या महाराष्ट्रातला कुस्तीगीर. पहिल्याच राउंडमध्ये गळ्याला गिलोटिन चोक, म्हणजे हाताचा विळखा, बसून हरला. त्यानंतर 2024 च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या पूजा तोमरने यूएफसीत लढत जिंकली. असं करणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा तुमच्या मुलाचं स्वप्न हवेतलं नाही.

आता वजन. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण घरात कुणालाच हे नीट माहीत नसतं आणि मुलं सांगत नाहीत.

70 वरून 61.2 म्हणजे 8.8 किलो, अंगाचा आठवा हिस्सा. त्याच्यावर आधीच फारशी चरबी नसणार. नीट खाऊन, सराव चालू ठेवून आठवड्याला अर्धा किलो, फार तर थोडं जास्त वजन उतरतं. सात आठवड्यांत ते होतं चारेक किलो, म्हणजे काटा 66 च्या आसपास येईल. उरलेले पाच किलो तो कुठून काढणार? पाण्यातून. शेवटच्या आठवड्यात आधी भरपूर पाणी पितात, मग एकदम बंद करतात. मीठ बंद, भात-पोळी बंद. शेवटच्या दिवशी गरम पाण्याच्या टबात बसतात, सॉनात म्हणजे तापवलेल्या खोलीत बसतात, अंगावर प्लास्टिकचा स्वेट सूट चढवून धावतात. तोंडात च्युइंगम ठेवून बाटलीत थुंकत बसलेली मुलं मी पाहिली आहेत, थुंकीचे पन्नास-शंभर ग्रॅम कमी व्हावेत म्हणून. वजन होतं लढतीच्या आदल्या दिवशी. त्यानंतर एका दिवसात सगळं पाणी परत भरायचं आणि केजमध्ये जायचं.

मुंबईत हे आणखी वाईट. घाम अंगावरून सुकला तरच शरीर थंड होतं. आपल्याकडच्या दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता वाहतो. वरून प्लास्टिकचा सूट. शरीर आतल्या आत तापत जातं, रक्त दाट होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, क्षारांचा तोल गेला की हृदयाचा ठोका बिघडतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही. 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिना-सव्वा महिन्याच्या आत वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट आणि सॉना यांवर बंदी आली. 2013 मध्ये ब्राझीलमध्ये एक लढवय्या वजनाच्या दिवशी गेला. 2015 मध्ये मनिलात वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेच्या स्पर्धेआधी चीनचा यांग जियान बिंग गेला, तो 21 वर्षांचा होता. त्यानंतर वनने नियमच बदलले, अंगात पुरेसं पाणी आहे की नाही हे लघवी तपासून पाहायला सुरुवात केली. यातलं कुणीही केजमध्ये मार खाऊन गेलेलं नाही.

पॅरिसला विनेश फोगट शंभर ग्रॅमने बाद झाली, ते तुमच्या घरी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. रात्रभर धावूनही काटा खाली आला नव्हता. ती जगातली अव्वल कुस्तीगीर, सोबत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ. तुमच्या मुलाबरोबर दिल्लीच्या हॉटेलच्या खोलीत कोण असणार आहे?

घरात एक गोष्ट बघा. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या काही मुलं वजनासाठी घेतात. अशी पाकिटं त्याच्या बॅगेत दिसली तर गप्प बसू नका. त्या गोळ्या उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेल्या औषधांत येतात. त्याहून मोठं म्हणजे त्या पोटॅशियम खेचून काढतात आणि थेट हृदयावर येतं. वजन झाल्यावर खोलीवर सलाईन लावून घ्यायची पद्धतही ऐकाल. त्यालाही नाही म्हणा.

दुसरी गोष्ट डोक्याची. उजेड नको म्हणून खिडक्या लावून दोन दिवस पडून राहणं हे मेंदूला धक्का बसल्याचं लक्षण असू शकतं. असा धक्का पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. तेव्हा कुठल्याही लढतीच्या आधी त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय तुमच्याच लोकल लाइनवर आहे, परळला केईएम आहे. दोन्हीकडे पालिकेच्या दरात तपासणी होते. सीटी स्कॅन 'नॉर्मल' आला म्हणून सुटलो असं समजू नका. रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं स्कॅनमध्ये दिसतं, असा धक्का बहुधा दिसत नाही. डॉक्टर लेखी देईपर्यंत स्पारिंग बंद. चालणं, सायकल, मग डोक्याला न लागणारा सराव, असं पायरीपायरीने परत जायचं असतं.

आणि पुढे कधीही डोक्याला लागून घरी आला, तर त्या रात्री हे बघा: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एका डोळ्यातली बाहुली दुसऱ्या डोळ्यातलीपेक्षा मोठी, बोलणं अडखळणं, उठवूनही नीट जाग न येणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रिक्षा करून सरळ हॉस्पिटल. नंतरच्या दिवसांत तोच तोच प्रश्न परत विचारतो का, विनाकारण चिडतो का, कुठे ठेवलं ते विसरतो का, हे आईइतकं दुसऱ्या कुणाच्या लक्षात येत नाही. तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. डॉक्टरला त्या वहीचा फार उपयोग होतो.

मेंदूचं नुकसान एका मोठ्या ठोशाने होतं असं लोकांना वाटतं. खरं तर लढती वर्षाला दोन-तीन होतात, सराव रोज असतो. बहुतेक मार जिममध्येच खाल्ला जातो. म्हणून माझा सगळा भर कोचवर आहे.

त्याला भेटायला जा, मुलाला आधी सांगून, त्याच्यासोबत. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, फार लांब नाही. एक संध्याकाळ नुसतं बसून बघा. मोठी मुलं लहान वजनाच्या मुलांना जोरात मारतायत आणि कोच फोनवर बोलतोय, असं चित्र दिसलं तर ती जिम बदलायची. मग त्याला शांतपणे विचारा. आठवड्यातून किती वेळा पूर्ण ताकदीचं स्पारिंग असतं? मागच्या महिन्यात माझ्या मुलाच्या डोक्याला लागलं ते तुम्हाला माहीत आहे का? नॉकआउट झालेल्या मुलाला तुम्ही किती दिवस बाहेर ठेवता? परदेशात लढतीनंतर डॉक्टर 30, 60, 90 दिवसांची सक्तीची विश्रांती लिहून देतात, तसं तुमच्याकडे काय आहे? आणि शेवटचं: मुलगा हरत असेल, मार खात असेल आणि टॅप करत नसेल, तर तुम्ही टॉवेल टाकाल का, म्हणजे हार मानून लढत थांबवाल का? याआधी कधी टाकलाय का?

या शेवटच्या प्रश्नावर त्याचा चेहरा बघा. चांगला कोच रागावत नाही. कुणासाठी, कुठल्या लढतीत टाकला ते नावानिशी सांगतो. 'आमची पोरं वाघ आहेत, टॉवेलची गरज पडत नाही' असं उत्तर आलं तर मुलाला तिथून काढा. तुमच्या भावाला हे पटकन कळेल. पोराला कुठल्या जोडीला उभा करायचा हे तालमीत वस्ताद ठरवायचा, पोराला कितीही खुमखुमी असली तरी. भावाला कराडहून बोलावून घ्या, तोही जिम बघू दे. मुलगा त्याचं ऐकेल.

नोकरी सोडू नये. यावर फार चर्चा नको, पण कारण सांगते. पहिल्या लढतींचं मानधन दोन भागांत असतं: उतरल्याबद्दल एक रक्कम, जिंकला तर आणखी एक. हरला तर अर्धंच हातात येतं. त्यातून कोच, खुराक, रक्ताच्या तपासण्या, फिजिओ गेला की उरतं काय? अगदी वरच्या पातळीवरही पैशाचं दुखणं आहेच. यूएफसीने आमचं मानधन दाबून ठेवलं म्हणून लढवय्ये कोर्टात गेले आणि 2025 मध्ये 37.5 कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. आणि खेळ किती पटकन फिरतो बघा. उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने 2023 मध्ये 'रोड टू यूएफसी' जिंकून करार मिळवला. त्याच वर्षी अबूधाबीला तिसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट झाला, 2025 मध्ये सिडनीला 19 सेकंदांत. मेहनतीत तो कुठेही कमी नव्हता.

तुमच्या माहेरचंच उदाहरण आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. घर चाललं ते 1955 मध्ये लागलेल्या पोलिसातल्या नोकरीवर. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

सीएच्या ऑफिसात त्याने साहेबांना खरं सांगावं आणि लढतीच्या आसपास बिनपगारी रजा मागावी. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या ऑफिसच्या गर्दीच्या दिवसांत लढत घेऊ नये. बाजूला शिकवण्याची तयारी करावी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कुस्तीच्या कोचिंगचे अभ्यासक्रम आहेत. या खेळातल्या बऱ्याच मुलांचं घर लढतींवर चालत नाही, शिकवण्यावर चालतं, आणि ते शिकवणं कागदावर असलेलं बरं.

करारावर सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या. किती लढतींसाठी बांधून घेतलंय, मधल्या काळात दुसरीकडे लढता येईल का, लढतीत दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोण देणार, हे लेखी हवं. 'बघून घेऊ' चालणार नाही. तुमच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. धोकादायक खेळ व्यावसायिक म्हणून खेळताना झालेली दुखापत आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये सर्रास वगळलेली असते. विमा कंपनीला मुलाचा खेळ सांगून लेखी उत्तर घ्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी दोन्ही लढवय्यांची होते का, तेही विचारा. तिथे रक्त निघतं.

राहिले त्याचे वडील. 'मग शिकवला कशाला' या वाक्यात राग कमी आणि भीती जास्त आहे, असं मला वाटतं. पण अबोल्याचा इथे थेट तोटा होतोय. घरात बोलायची सोय नसली की मार लपतो. त्यांना खेळ आवडायला हवा असं काही नाही, ते मागूही नका. त्यांना काम द्या. करार वाचायचं, वकिलाकडे जायचं, विम्याचं पत्र लिहायचं काम त्यांचं. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला कागद नीट वाचता येतो, आणि मुलालाही कळेल की बाप आपल्या बाजूने भांडतोय. तुमच्या मुलाशी बोलताना मात्र ॲसिडिटीचा विषय तुम्हीच काढा, न रागावता. मला कळलंय एवढं सांगा. पुढे लागलं तर लढत रद्द करायला मी ओरडणार नाही, पण डॉक्टरकडे मात्र नेणार, एवढं कबूल करून घ्या. त्याने एवढं पाळलं तर बाकी बरंच सोपं होईल.

दिल्लीचं उत्तर याच आठवड्यात द्यायला हवं, कारण आयोजकांना दुसरी जोड शोधायची असते. नाही म्हणताना दार लावून घ्यायची गरज नाही. कोचने फोन करून सांगावं, मुलगा 65.8 ला लढतो, डॉक्टरांनी परवानगी दिली की त्या गटात जोड असेल तेव्हा कळवा. पहिली लढत चार-सहा महिने उशिरा झाली म्हणून 23 व्या वर्षी कुणाचं काही बिघडत नाही. कोचने टॉवेलच्या प्रश्नावर काय उत्तर दिलं, ते मला नक्की लिहून कळवा.